खासगी एफएम चंद्रपूरच्या अलीकडेच का थांबला? रेडिओ नेटवर्क कसं वाढतं आणि त्याचा मालक कोण असतो

चंद्रपूरहून वरोरा, जाम, बुटीबोरी करत नागपूरकडे निघालात आणि गाडीतला रेडिओ 'ऑटो सर्च'वर टाकलात, तर निम्मा रस्ता संपेपर्यंत खासगी स्टेशन जवळपास नसतंच. मग हळूहळू खरखर कमी होते आणि ओळखीच्या जिंगल ऐकू यायला लागतात: मिर्ची, रेड, माय एफएम, रेडिओ सिटी. उलट दिशेला, म्हणजे मूल, गडचिरोली, आलापल्लीकडे गेलात तर हा अनुभव येतच नाही.

बहुतेकांना वाटतं की हा जंगलाचा आणि डोंगरांचा दोष आहे. तो थोडासा आहे, पण फार थोडा. खासगी एफएमचा नकाशा मुळात तीन गोष्टींनी ठरतो: सरकारने कोणत्या शहराचा लिलाव केला, तिथे जाहिराती किती मिळतील, आणि एका मालकाला किती स्टेशनं ठेवायची परवानगी आहे. या लेखात आपण हे तिन्ही धागे सोडवू. आधी तंत्र बघू, मग पैसा, आणि शेवटी चंद्रपूर-गडचिरोलीचा हिशोब.

सिग्नल किती लांब जातो?

एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतो. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे काही अंतरानंतर त्या जमिनीच्या वरून निघून जातात. म्हणून एफएमची पोहोच ट्रान्समीटरच्या ताकदीइतकीच टॉवरच्या उंचीवर अवलंबून असते.

त्यासाठी एक सोपं सूत्र आहे. टॉवरची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. १०० मीटरच्या टॉवरचं वर्गमूळ १०, म्हणजे ४१ किलोमीटर. तुमचा रेडिओ जमिनीपासून दीड मीटरवर असेल तर त्याचे आणखी ५ किलोमीटर मिळवा. एकूण ४६. टेकडी, इमारत किंवा दाट झाडी आडवी आली की हा आकडा घसरतो, मोकळ्या सपाट रानात थोडा वाढतो.

नागपूर ते चंद्रपूर रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर आहे. म्हणजे नागपूरच्या स्टेशनने कितीही जोर लावला तरी चंद्रपुरात ते स्वच्छ ऐकू येणं अवघडच. आकाशवाणी नागपूरचं मीडियम वेव्ह केंद्र (५८५ किलोहर्ट्झ) मात्र विदर्भात लांबवर ऐकू येतं, कारण त्या लहरी जमिनीला धरून पुढे सरकतात. आवाजाचा दर्जा कमी, पोहोच मोठी. एफएमचं नेमकं उलट आहे. म्हणून एफएम हे मुळातच 'एका शहराचं' माध्यम आहे, आणि मोठं नेटवर्क करायचं तर शहरागणिक वेगळा ट्रान्समीटर लागतो.

९१.१, ९२.७, ९३.५, ९४.३: या आकड्यांमागचं गणित

हे आकडे नीट बघा. ९१.१ मध्ये ०.८ मिळवले की ९१.९. अजून ०.८ मिळवले की ९२.७, मग ९३.५, मग ९४.३. हा योगायोग नाही. एकाच शहरातल्या दोन स्टेशनांमध्ये ०.८ मेगाहर्ट्झचं अंतर ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, नाहीतर ती एकमेकांत घुसतात. पट्टा फक्त २० मेगाहर्ट्झचा. त्यातला काही भाग आकाशवाणीला, काही सामुदायिक रेडिओला. मग खासगी कंपन्यांना उरतात शहरामागे मोजक्याच जागा.

जागा मोजक्या असल्या की त्यांची किंमत होते. मोबाइल अ‍ॅप कोणीही बनवून प्ले स्टोअरवर टाकू शकतो, रेडिओ स्टेशनचं तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यावर सरकारचीही मक्तेदारी नसावी आणि कुणा खासगी मालकाचीही. हा निकाल खटल्यापुरता क्रिकेटचा होता, पण खासगी रेडिओचा पाया तिथेच पडला.

तीन टप्प्यांत वाढलेलं नेटवर्क

त्याआधीही एक प्रयोग झाला होता. १९९३ मध्ये आकाशवाणीने आपल्या एफएम वाहिनीवरचे काही तास खासगी कंपन्यांना भाड्याने दिले. 'टाइम्स एफएम' हे नाव त्या काळातलं. स्टेशन सरकारचं, कार्यक्रम खासगी. ही सोय १९९८ मध्ये बंद झाली.

पहिला टप्पा: १९९९ मध्ये सरकारने धोरण जाहीर केलं आणि ४० शहरांतल्या १०८ फ्रिक्वेन्सी लिलावाला काढल्या. कंपन्यांनी उत्साहाच्या भरात मोठमोठ्या बोली लावल्या. मुंबईत एका स्टेशनची पहिल्या वर्षाची फी ९.७५ कोटी रुपये झाली, आणि ती दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार होती. कॅल्क्युलेटरवर टाकून बघा: सहाव्या वर्षी ती साडेएकोणीस कोटींवर जाते, दहाव्या वर्षी ३४ कोटींवर. जाहिराती आल्या काय, न आल्या काय, फी ठरलेली. परिणाम व्हायचा तोच झाला. १०८ पैकी १२ शहरांतली २१ स्टेशनंच टिकून पुढच्या टप्प्यात गेली. देशातलं पहिलं खासगी एफएम स्टेशन याच टप्प्यातलं: रेडिओ सिटी, बंगळूर, ३ जुलै २००१. त्यानंतर ४ ऑक्टोबर २००१ ला इंदूरमध्ये रेडिओ मिर्ची सुरू झालं.

दुसरा टप्पा: जुलै २००५ मध्ये नियम बदलले. एकदाच प्रवेश फी भरायची आणि नंतर उत्पन्नाच्या ४ टक्के सरकारला द्यायचे. म्हणजे कमाई कमी तर फीही कमी. या एका बदलाने चित्र पालटलं. ९१ शहरांतल्या ३३८ फ्रिक्वेन्सी निघाल्या आणि जुन्या २१ धरून खासगी स्टेशनांची संख्या २४५ वर गेली. नागपूर, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, जळगाव, अकोला अशी शहरं याच काळात खासगी एफएमच्या नकाशावर आली.

तिसरा टप्पा: जुलै २०११ मध्ये धोरण आलं, लिलाव प्रत्यक्षात २०१५ आणि २०१६ मध्ये झाले. बोली पुन्हा चढल्या. दिल्लीत एक फ्रिक्वेन्सी सुमारे १६९ कोटींना गेली, मुंबईत सुमारे १२३ कोटींना. पण त्याच वेळी लहान शहरांतल्या कित्येक फ्रिक्वेन्सी कोणी उचलल्याच नाहीत. २०१६ च्या फेरीत ९२ शहरांतल्या २६६ फ्रिक्वेन्सी ठेवल्या होत्या, विकल्या गेल्या फक्त ६६. वर एक अट बसली: वार्षिक फी उत्पन्नाच्या ४ टक्के किंवा त्या शहराच्या प्रवेश फीच्या २.५ टक्के, यातली जी जास्त असेल ती. म्हणजे १६९ कोटींच्या स्टेशनला कमाई कितीही पडली तरी वर्षाला सव्वाचार कोटींच्या आसपास भरावेच लागणार. पहिल्या टप्प्यातलं भूत थोडं बारीक होऊन परत आलं, असंच म्हणा.

२०२४ मध्ये देशात ११३ शहरांत ३८८ खासगी एफएम स्टेशनं होती.

मालक कोण? तीन थर वेगळे करा

रेडिओचा मालक शोधताना आपण नावाला फसतो. 'मिर्ची' ही कंपनी नाही, ते नाव आहे. प्रत्येक स्टेशनचे तीन थर असतात:

- ब्रँड: जे तुम्ही ऐकता. जिंगल, आरजे, रंगीत लोगो.
- परवानाधारक कंपनी: लिलावात बोली लावते, सरकारशी करार करते, फी भरते.
- समूह: त्या कंपनीचे बहुसंख्य शेअर ज्याच्याकडे आहेत तो.

फोनशी तुलना केली तर ब्रँड म्हणजे स्क्रीनवरचं आयकॉन, परवानाधारक म्हणजे ज्याच्या नावावर अकाउंट आहे तो, आणि समूह म्हणजे ज्याला पासवर्ड माहीत आहे तो.

आता हे थर आपल्या ओळखीच्या नावांना लावू.

- मिर्ची: कंपनी एंटरटेनमेंट नेटवर्क इंडिया, समूह टाइम्स. ६३ शहरांत ७३ फ्रिक्वेन्सी.
- रेडिओ सिटी: कंपनी म्युझिक ब्रॉडकास्ट. सुरुवातीला हे नाव स्टार समूहाशी जोडलेलं होतं, नंतर एका गुंतवणूक फंडाकडे गेलं, आणि २०१५ मध्ये 'दैनिक जागरण'च्या समूहाने ते घेतलं. ३९ स्टेशनं.
- माय एफएम: 'दैनिक भास्कर'ची डी. बी. कॉर्प. ३० शहरं, त्यात नागपूर.
- रेड एफएम: मागे चेन्नईचा सन समूह.
- फीव्हर: हिंदुस्तान टाइम्स समूह. २०१९ मध्ये 'रेडिओ वन'ही याच समूहाकडे आलं.
- टोमॅटो एफएम, कोल्हापूर: 'पुढारी' समूह.
- बिग एफएम: आधी अनिल अंबानींच्या रिलायन्सचं. त्याची गोष्ट पुढे येतेच.

यादीत एक गोष्ट लगेच दिसते. यातले बहुतेक मालक वर्तमानपत्रवाले आहेत. त्याचं कारण साधं आहे. रेडिओची कमाई श्रोत्याकडून येत नाही, स्थानिक जाहिरातदाराकडून येते: सराफ, साडीचं दुकान, कोचिंग क्लास, फ्लॅट स्कीम, गाड्यांचं शोरूम. या दुकानदारांच्या दारात वर्तमानपत्राचा माणूस आधीच रोज जातो. त्याच्या बॅगेत पेपरच्या दरपत्रकाबरोबर रेडिओचं दरपत्रकही ठेवलं की काम झालं. नवी विक्री टीम उभी करावी लागत नाही.

एकाच्या हातात किती? मालकीचे नियम

लहरी सार्वजनिक म्हटल्यावर त्या दोन-चार हातांत जाऊ नयेत म्हणून मर्यादा घातल्या आहेत. तिसऱ्या टप्प्यातले मुख्य नियम असे:

- देशातल्या एकूण खासगी स्टेशनांपैकी एका कंपनीकडे १५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, अशी मर्यादा २०२२ पर्यंत होती (जम्मू-काश्मीर, ईशान्य भारत आणि बेटं यांना सूट).
- एका शहरातल्या स्टेशनांपैकी एका कंपनीकडे जास्तीत जास्त ४० टक्के, आणि त्या शहरात किमान तीन वेगवेगळे मालक असले पाहिजेत.
- परकीय गुंतवणूक जास्तीत जास्त ४९ टक्के. दुसऱ्या टप्प्यात ही मर्यादा २० टक्के होती.
- परवाना १५ वर्षांचा. ठरावीक काळापर्यंत मुख्य भागधारक बदलता येत नाही, नंतरही सरकारची परवानगी लागते.

हे नियम कागदावरच राहतात असं नाही. २०१५ मध्ये मिर्चीच्या कंपनीने टीव्ही टुडेची 'ओय एफएम' ही स्टेशनं घ्यायचं ठरवलं. दिल्ली, मुंबई, कोलकाता या शहरांत मिर्ची आधीपासून होतं, त्यामुळे तिथली स्टेशनं देता आली नाहीत. अमृतसर, पतियाळा, जोधपूर आणि शिमला एवढीच चार हस्तांतरित झाली.

दुसरं उदाहरण बिग एफएमचं. २०१९ च्या मे महिन्यात रेडिओ सिटीच्या कंपनीने बिग एफएम घ्यायचा करार केला. ५८ स्टेशनांच्या या नेटवर्कची किंमत तेव्हा १,०५० कोटी रुपये धरली होती. सरकारी परवानगी मिळाली नाही आणि व्यवहार बारगळला. मग कोविड आला, जाहिराती आटल्या, कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२४ मध्ये कंपनी कायदा न्यायाधिकरणाने सफायर मीडियाची योजना मंजूर केली, रक्कम सुमारे २६१ कोटी. पाच वर्षांत चौथा हिस्सा. ऐकणाऱ्याला काही कळलंही नाही, कारण वरचा थर, म्हणजे ब्रँड, तसाच राहिला.

चंद्रपूर यादीत, गडचिरोली बाहेर

आता आपल्या भागाकडे येऊ. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतल्या ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. एकूण राखीव किंमत ७८४.८७ कोटी. जिथे अजून खासगी एफएम नाही अशा शहरांची ही यादी होती, आणि त्यात चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ ही विदर्भातली नावं आहेत. या शहरांसाठी फी उत्पन्नाच्या ४ टक्के, जीएसटी वगळून. प्रवेश फीशी जोडलेली ती जाचक अट इथे नाही. यादीतली बरीच शहरं आकांक्षित जिल्ह्यांतली आणि नक्षलग्रस्त भागातली आहेत, असंही सरकारने सांगितलं.

गडचिरोली आकांक्षित जिल्हाही आहे आणि नक्षलग्रस्तही. मग नाव का नाही? कारण तिसऱ्या टप्प्याचा पाया लोकसंख्येवर आहे. सीमाभागातली काही गावं सोडली तर एक लाखाच्या वरची शहरंच त्यात येतात. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख २० हजार होती. गडचिरोली शहराची सुमारे ५४ हजार. जिल्ह्यात जवळपास पावणेअकरा लाख लोक आहेत, पण ते १४,४१२ चौरस किलोमीटरवर विखुरलेले. धोरण शहर मोजतं, जिल्हा मोजत नाही. त्यामुळे पावणेअकरा लाख माणसं हिशोबातच येत नाहीत.

समजा उद्या अट काढली, तर कंपनी येईल का? आपणच हिशोब करू. टॉवरचा प्रभावी टप्पा ४० किलोमीटर धरा. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ होतं सुमारे ५,००० चौरस किलोमीटर. गडचिरोली जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला ७४ माणसं. म्हणजे एका टॉवरखाली सरासरी ३ लाख ७० हजार लोक, तेही सगळ्यांनी रेडिओ लावला तर. नागपुरात तसाच टॉवर उभा केला की नुसत्या शहरातच २४ लाख लोक आहेत. ट्रान्समीटर, वीज, डिझेल, आरजेचा पगार, गाण्यांचं मानधन हा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखा.

परवान्याची किंमत ही खरी अडचण नाही, हेही लक्षात घ्या. ७८४.८७ कोटी भागिले ७३० केलं तर वाहिनीमागे सरासरी एक कोटीच्या थोडं वर येतं. ही बोलीची सुरुवात आहे, पण १५ वर्षांवर पसरली तर वर्षाला सात लाखांच्या आसपास. अडतं ते महिन्याच्या जाहिरातींवर. चंद्रपुरात वीज केंद्र आहे, कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, बल्लारपूरला कागद कारखाना आहे. पण यातलं कोणीही 'आजच या, मेकिंग चार्जेसवर सूट मिळवा' अशी जाहिरात देत नाही. रेडिओ जगतो तो मेन रोडवरच्या दुकानांवर. म्हणून चंद्रपूरचं स्टेशन चालेल की नाही हे खाणी नाही, तिथले सराफ आणि क्लासवाले ठरवतील.

मग इथे करमणुकीचा बाजारच नाही का?

असं म्हणणाऱ्याने एकदा दिवाळीनंतर वडसा, म्हणजे देसाईगंजला जावं. झाडीपट्टी रंगभूमीच्या मंडळांची कार्यालयं तिथे ओळीने लागलेली असतात. हंगामभर गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याच्या गावांत रात्रभर नाटकं होतात, आणि लोक तिकीट काढून बघतात. म्हणजे पैसे देऊन करमणूक घेणारा प्रेक्षक याच जंगलात आहे, पिढ्यान् पिढ्या आहे.

फरक आहे तो कमाईच्या पद्धतीचा. नाटकाला प्रेक्षक स्वतः पैसे देतो. खासगी एफएमला श्रोता काहीच देत नाही, श्रोत्याचं लक्ष जाहिरातदाराला विकलं जातं. जो गिऱ्हाईक म्हणून महागात विकला जात नाही, त्याच्यासाठी स्टेशन उभं राहत नाही. तुमच्या फोनमधली फुकट अ‍ॅप्स याच तत्त्वावर चालतात, फक्त रेडिओने ते खूप आधी सुरू केलं.

आला तरी बोलणार काय?

समजा चंद्रपुरात खासगी एफएम सुरू झाला. तो स्थानिक बातम्या देईल? नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, बस्स. दूरसंचार नियामक ट्रायने ५ सप्टेंबर २०२३ रोजी तासाला १० मिनिटं बातम्यांना मुभा द्यावी अशी शिफारस केली, पण शिफारस म्हणजे नियम नव्हे.

एक दार मात्र उघडं आहे. वाहतूक, हवामान, परीक्षा आणि निकाल, नोकरीच्या संधी, वीज-पाण्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्ती आणि आरोग्याचे इशारे हे सगळं 'बातमी' धरलं जात नाही. स्थानिक प्रशासनाने दिलेल्या सूचना खासगी स्टेशन सांगू शकतं. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा वेळी मोबाइलचा टॉवर गेला तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही गप्प होतो. एफएमला तुमच्या गावातल्या टॉवरची गरज नसते. चाळीस किलोमीटरवरचा एक ट्रान्समीटर जनरेटरवर चालू राहिला तर पुरतो. पण नेटवर्कच जिथे पोचत नाही, तिथे ही परवानगी असून काय उपयोग?

भाषेचाही प्रश्न आहे. तिसऱ्या टप्प्यात कंपन्यांना आपल्या सगळ्या स्टेशनांवर एकच कार्यक्रम जोडून दाखवायची मुभा मिळाली. खर्च वाचतो, पण मग चंद्रपूरच्या श्रोत्याला मुंबईत तयार झालेला शो ऐकावा लागू शकतो. झाडीबोली, गोंडी, माडिया, सिरोंचाकडची तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीकडची बंगाली, यातली कोणती भाषा जाहिरातदाराच्या यादीत येईल हे तुम्हीच ठरवा.

जंगलात सध्या कोण बोलतं?

१. आकाशवाणी. चंद्रपूरचं केंद्र १०३ मेगाहर्ट्झवर आहे. २८ एप्रिल २०२३ रोजी देशभर १०० वॉटचे ९१ एफएम ट्रान्समीटर एकदम सुरू झाले, भर आकांक्षित आणि सीमावर्ती जिल्ह्यांवर होता. सगळ्यांनी मिळून सुमारे ३५,००० चौरस किलोमीटर भाग झाकला गेला. म्हणजे एकामागे सुमारे ३८५. या मापाने नुसता गडचिरोली जिल्हा झाकायला ३७-३८ ट्रान्समीटर लागतील. जाहिरातींच्या जिवावर हे कोणी करणार नाही, ते करदात्याच्या पैशातूनच होणार.

२. सामुदायिक रेडिओ. २००६ पासून नोंदणीकृत सामाजिक संस्थाही हा परवाना मागू शकतात, शिक्षणसंस्थांना तो त्याआधीपासून मिळतो. ताकद १०० वॉट, टॉवर ३० मीटरपर्यंत, लिलाव नाही. महाविद्यालय, कृषी विज्ञान केंद्र किंवा गावातली संस्था हे चालवू शकते. मालकी स्थानिक राहते, हाच याचा मोठा फायदा.

३. फोनवरचा 'रेडिओ'. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१० साली 'सीजीनेट स्वरा' सुरू झालं. साध्या फोनवरून कॉल करायचा, आपली गोष्ट रेकॉर्ड करायची, दुसऱ्यांच्या ऐकायच्या, गोंडीतसुद्धा. त्याला ना फ्रिक्वेन्सी लागते ना लिलाव. फक्त फोनची रेंज लागते.

तुमच्या फोनमध्ये एफएम आहे का?

आहे की नाही ते तपासा. बऱ्याच फोनमध्ये वायफाय-ब्लूटूथच्याच चिपमध्ये एफएम रिसीव्हर असतो, पण कंपनी तो बंद ठेवते. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाइल कंपन्यांना सूचना केली की असा रिसीव्हर बंद ठेवू नका.

तपासायची पद्धत सोपी आहे: मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्ही बंद करा, वायरचा इअरफोन लावा, 'एफएम रेडिओ' अ‍ॅप उघडा. आवाज आला तर तो खरा रेडिओ. डेटा बंद केल्यावर बंद पडलं तर ते स्ट्रीमिंग होतं. इअरफोन वायरचाच का? १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३ मीटर असते. तिच्या पाव भागाइतकी, म्हणजे ७५ सेंटिमीटर वायर चांगला अँटेना होते, आणि इअरफोनची वायर साधारण तेवढीच किंवा थोडी लांब असते. ब्लूटूथ बड्सना वायर नाही, म्हणून अँटेनाही नाही.

पुढे लक्ष कुठे ठेवायचं

दोन गोष्टींवर. एक, चंद्रपूरच्या फ्रिक्वेन्सी कोण उचलतं: मोठं नेटवर्क की विदर्भातलाच एखादा मालक. कोल्हापूरच्या उदाहरणावरून दिसतं की स्थानिक मालकही स्टेशन चालवू शकतो. दोन, ३१ मार्च २०३०. तिसऱ्या टप्प्यात आलेल्या दुसऱ्या टप्प्यातल्या स्टेशनांचे परवाने त्या दिवशी संपतात. त्यानंतरचे नियम लिहिताना लोकसंख्या शहराची मोजायची की जिल्ह्याची, बातम्यांना मुभा द्यायची की नाही, हे प्रश्न पुन्हा टेबलावर येतील. ट्राय असे नियम सुचवण्याआधी सल्लापत्रिका काढते आणि त्यावर कोणीही नागरिक ईमेलने मत पाठवू शकतो. आतापर्यंत त्यात मोठ्या शहरांतल्या कंपन्यांचा आवाज जास्त असतो. गडचिरोलीतून चार ईमेल गेले तरी ते नोंदले जातील, कारण लहरी सार्वजनिक आहेत, आणि त्या सार्वजनिकमध्ये भामरागडही येतं.